दोन शाळा, एक प्रकल्प : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

दोन शाळांच्या वर्गांनी मिळून ऑनलाइन करायच्या प्रकल्पांविषयी गेल्या अंकात प्रश्न मागवले होते. बहुतेक पत्रं तिसरी-चौथीच्या शिक्षकांची आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : प्रशिक्षणात ओळख झालेल्या नागपूरच्या एका शिक्षिकेच्या वर्गाशी माझ्या चौथीच्या वर्गाचे दोन व्हिडिओ कॉल झाले. मुलांनी नावं सांगितली, दोन्हीकडून एकेक गाणं झालं, टाटा करून झालं. तिसऱ्या कॉलला काय करायचं तेच सुचत नाहीये. (शिक्षिका, कोल्हापूर)

उत्तर : ओळख झाली की विषय संपतो, कारण दोन्ही वर्गांना एकमेकांकडून काही हवंच नसतं. प्रकल्प निवडताना एकच कसोटी लावा : समोरच्या वर्गाची नोंद हातात आल्याशिवाय आपलं काम पुरं होणार नाही, असा प्रश्न आहे का? 'आमचे सण, तुमचे सण' या कसोटीला उतरत नाही, ते दोघांना आपापलं करता येतं. सावली मात्र उतरते, आणि तुमची जोडी तर तिच्यासाठी फारच सोयीची आहे.

कोल्हापूर साधारण १६.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, नागपूर २१.१ अंशांच्या जरा वर. २२ डिसेंबरच्या सुमारास ऐन मध्यान्ही एक मीटर उंच काठीची सावली कोल्हापुरात सुमारे ८४ सेंमी पडते, नागपुरात सुमारे ९८ सेंमी. हा चौदा सेंटीमीटरचा फरक चौथीची मुलं साध्या टेपने मोजू शकतात. हे आकडे आधी मुलांना सांगू नका. आधी दोन्ही वर्गांना अंदाज लिहायला लावा : सावली कुणाची लांब आणि का? अंदाजाचे कागद एका पाकिटात बंद करून ठेवा.

सव्वा मीटरचा सरळ पीव्हीसी पाइप किंवा झाडूचा दांडा घ्या. मातीचं मैदान असेल तर तो असा रोवा की जमिनीच्या वर बरोबर १०० सेंमी राहील. फरशी असेल तर दांडा १०० सेंमीवर कापा आणि बसक्या स्टुलाच्या पायाला बांधा. दांड्याचं खालचं टोक जमिनीला टेकलेलं हवं आणि स्टूल दांड्याच्या दक्षिणेला हवं. दोऱ्याला नट बांधून ओळंबा करा आणि दांडा दोन बाजूंनी तपासा. हे तपासणं कंटाळवाणं वाटतं म्हणून हमखास गाळलं जातं, आणि सगळा घोटाळा तिथेच होतो. दांडा उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे दोन अंश जरी कलला तरी सावली साडेतीन सेंटीमीटरने बदलते, म्हणजे आपण शोधत असलेल्या फरकाचा चौथा हिस्सा गेला. जमीन उतरती असली तरी तोच प्रकार. ताटात पाणी घालून ते ताट जमिनीवर ठेवलं की उतार लगेच कळतो.

दुसरी चूक वेळेची. घड्याळातले बारा म्हणजे मध्यान्ह नव्हे. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि त्याच्या पश्चिमेला दर अंशाला ४ मिनिटं उशीर होतो. त्या दिवसांत नागपुरात सूर्य १२ वाजून १२ मिनिटांच्या आसपास सर्वांत उंच असतो, कोल्हापुरात १२ वाजून ३१ मिनिटांच्या आसपास. 'दोघांनी बरोबर बाराला मोजू' असं ठरवलंत तर कोल्हापूरची सावली दोनेक सेंटीमीटर जास्त भरेल. म्हणून आपापल्या मध्यान्हाच्या वीस मिनिटं आधी सुरुवात करा, दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूची खूण करा आणि मध्यान्हानंतर वीस मिनिटांनी थांबा. सर्वांत आखूड सावली ती खरी. सावलीचं टोक एक-दीड सेंटीमीटर पुसट दिसतं. ती तुमची चूक नाही, सूर्य ठिपका नसून तबकडी आहे त्यामुळे तसं होतं. पुसट पट्ट्याच्या मध्यावर खूण करायची, एवढं दोन्ही वर्गांनी आधी ठरवून घ्या.

१८ ते २४ डिसेंबरमधला कोणताही शाळेचा दिवस चालतो. या आठवड्यात सावली दोन मिलिमीटरच्या वर हलत नाही, त्यामुळे एका गावात ढग आले तर दुसऱ्या दिवशी मोजावं. त्याच दिवशी संध्याकाळी दोन्ही शिक्षकांनी आकडा आणि ओळंब्यासह दांड्याचा फोटो एकमेकांना पाठवायचा, पण मुलांना दाखवायचा नाही. तिसरा कॉल यासाठी ठेवा. दोन्हीकडे पाकिटं उघडतात, अंदाज वाचले जातात, मग आकडे. हा कॉल पंधरा मिनिटांत संपतो आणि मुलं बोलायची थांबत नाहीत.

चौथीला इथवर पुरे. पाचवीचा वर्ग असेल तर दांडा १० सेंमी आणि सावली ८.४ व ९.८ सेंमी धरून वहीत काटकोन त्रिकोण काढा आणि वरच्या टोकाचा कोन कोनमापकाने मोजा. ४० आणि साडेचव्वेचाळीस अंशांच्या जवळपास यायला हवेत. फरक सुमारे साडेचार अंश. नकाशावर दोन्ही गावांमधून आडव्या रेषा काढून त्यांच्यातलं अंतर प्रमाणपट्टीने काढलं तर ४९५ किमीच्या आसपास भरतं. इथे रस्त्याचं अंतर घेऊ नका, ते कितीतरी जास्त आहे. आता ३६० भागिले कोनातला फरक, गुणिले हे अंतर, म्हणजे पृथ्वीचा परीघ. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिसने इजिप्तमधल्या दोन गावांच्या आधारे हेच केलं होतं. फक्त लक्षात ठेवा, कोन एका अंशाने चुकला तर ४० हजारांऐवजी ५० हजार किंवा ३२ हजार किलोमीटर येतात. म्हणून प्रत्येक गटाचा कोन घेऊन सरासरी काढा.

जोडी शोधताना गावं उत्तर-दक्षिण दूर हवीत. कोल्हापूर-धुळे उत्तम. नाशिक-नागपूर नकाशावर लांब दिसतात, पण अक्षांशात जेमतेम सव्वा अंशाचा फरक आहे, तिथे हा प्रयोग फसतो.

प्रश्न : शाळेत इंटरनेट नाही. माझा एक फोन, लोकवर्गणीतून आलेला एक टीव्ही आणि पटावर २३ मुलं. रेंज कधी असते, कधी नसते. आमच्यासारख्यांनी या भानगडीत पडावं का? (शिक्षक, नंदुरबार जिल्हा)

उत्तर : जरूर पडावं, पण व्हिडिओ कॉलभोवती प्रकल्प उभारू नका. व्हिडिओ कॉलला तासाला अर्धा ते एक जीबी डेटा सहज जातो आणि रेंज गेली की सगळा तास वाया. व्हॉइस मेसेज मिनिटाला काही शे केबीत भागतो. रेंज नसताना रेकॉर्ड केला तरी रेंज आली की आपोआप जातो. आठवड्याला एक फोटो, गटवार एकेका मिनिटाचे चार व्हॉइस मेसेज आणि समोरच्या वर्गासाठी एक प्रश्न, एवढ्यावर महिन्याचा प्रकल्प चालतो. व्हॉइस मेसेज ऐकायला फोन पोरांच्या हाती फिरवू नका. ब्लूटूथ स्पीकर नसेल तर फोन रिकाम्या स्टीलच्या डब्यात उभा ठेवा, आवाज वर्गापुरता मोठा होतो.

कॉल फक्त शेवटी, एकदाच. त्याची तयारी मात्र नीट हवी. आदल्या दिवशी त्याच वेळी, त्याच खोलीतून दोन शिक्षकांनी पाच मिनिटं बोलून बघा. संध्याकाळी घरून केलेली चाचणी उपयोगाची नाही, कारण दुपारी वर्गात रेंज वेगळी असते. फोन टीव्हीला जोडता येईलच असं नाही. पुष्कळ फोनांच्या टाइप-सी खाचेतून चित्र बाहेर जातच नाही, त्यामुळे केबल विकत घेण्याआधी कुणाचीतरी आणून लावून बघा. लॅपटॉप मिळाला तर एचडीएमआय केबलसारखं खात्रीचं दुसरं काही नाही.

एका खोलीतून एकच उपकरण कॉलमध्ये असू द्या. लॅपटॉप आणि फोन दोन्ही जोडले की एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये जाऊन शिट्टी सुरू होते, आणि मग दहा मिनिटं 'आवाज येतोय का' यातच जातात. पत्र्याच्या छताखाली आवाज घुमतो. त्यावर उपाय म्हणजे फोनपासून दोन हातांवर खडूने चौकोन आखायचा आणि ज्याला बोलायचं त्याने त्या चौकोनात येऊन बोलायचं. बाकीच्यांनी आपल्या जागेवरून बोललेलं पलीकडे फक्त गलका म्हणून पोचतं. चित्र अडकू लागलं की कॅमेरा ताबडतोब बंद करा. आवाज टिकला तर तास टिकतो. मोफत झूम ४० मिनिटांत आणि तीन किंवा अधिक जण असतील तर मोफत गूगल मीट तासाभरात बंद होतं, पण या वयाच्या मुलांसाठी वीस मिनिटांपेक्षा लांब कॉल करूच नये, त्यामुळे त्याची चिंता नको.

प्रश्न : तीन शाळांनी मिळून पावसाची नोंद गूगल शीटवर ठेवली. महिनाअखेर एका शाळेची बेरीज शून्य आली, दुसरीची सरासरी भलतीच, आणि मधला एक आठवडा कुणीतरी पुसला. चूक शीटची की आमची? (मुख्याध्यापिका, सातारा जिल्हा)

उत्तर : तिन्ही दुखणी वेगळी आहेत.

शून्य बेरजेचं कारण बहुधा हे की आकड्यापुढे 'मिमी' लिहिलंय किंवा आकडा देवनागरीत टंकलाय. मग शीट त्याला आकडा न धरता मजकूर धरतं. ओळखायची खूण सोपी आहे : खरा आकडा चौकटीत उजवीकडे चिकटतो, मजकूर डावीकडे. एकक फक्त स्तंभाच्या मथळ्यात लिहा आणि आकडे इंग्रजी अंकांतच भरा. वहीत मराठी अंक चालतील.

सरासरी चुकते ती कोऱ्या चौकटींमुळे. पाऊस पडला नाही त्या दिवशी ० लिहायचं, आणि मोजलंच नाही त्या दिवशी चौकट कोरी ठेवायची. हा फरक मुलांना पहिल्याच दिवशी समजावा. शीट सरासरी काढताना कोऱ्या चौकटी वगळतं. कोरड्या दिवसांच्या चौकटी कोऱ्या राहिल्या तर सरासरी फुगते. रविवारचा प्रश्न सगळ्यांनाच येतो. शनिवारी आणि सोमवारी मोजता, तेव्हा सोमवारचा आकडा दोन दिवसांचा असतो. तो सोमवारीच लिहा आणि शेऱ्यात '२ दिवस' अशी नोंद करा. अर्धा-अर्धा वाटून लिहू नका.

पुसलं गेलेलं परत मिळतं. संगणकाच्या ब्राउझरमध्ये शीट उघडा, 'फाइल' मेन्यूत 'व्हर्जन हिस्टरी' आहे, तिथे तारीखवार जुन्या प्रती दिसतात. मोबाइल ॲपवर यासाठी झटापट करू नका. पण मुळात मुलांच्या हाती उघडं शीट द्यावंच कशाला? गूगल फॉर्म करा : शाळा, तारीख, पाऊस मिमीमध्ये, गटाचं नाव, शेरा. पावसाच्या प्रश्नाला 'रिस्पॉन्स व्हॅलिडेशन' लावून ० ते ३०० मधलाच आकडा घ्यायला सांगा, म्हणजे १२ च्या जागी १२०० जाणार नाही. फॉर्मचं उत्तर शीटमध्ये नव्या ओळीत बसतं, आधीच्या ओळीला धक्का लागत नाही. फॉर्ममध्ये फोटो चढवायची सोय मात्र ठेवू नका. ती ठेवली की प्रत्येकाला गूगल खात्यात लॉगिन करावं लागतं.

आता मोजमापाबद्दल थोडं, कारण तुमच्या पत्रात दोन शाळांचे आकडेही होते आणि त्यांच्यातली तफावत पावसाची नसून पाऊस मोजायच्या बाटलीची वाटते. दोन लिटरची, सरळ भिंतीची बाटली घ्या, कमरेत बारीक झालेली नको. वरचा निमुळता भाग कापून तोच उलटा नरसाळ्यासारखा बसवा. बाटलीचा तळ गोलसर असतो, म्हणून तळाशी खडे आणि थोडं पाणी भरून सरळ भिंत सुरू होते तिथवर पातळी आणा आणि तिथे शून्याची रेघ मारा. त्यावर मोजपट्टी चिकटवली की १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ मिलिमीटर पाऊस. तोंड आणि अंग एकाच रुंदीचं असल्याने वेगळं गणित लागत नाही. मोजून झाल्यावर पाणी पुन्हा शून्याच्या रेघेवर आणायचं. पागोळीखाली किंवा झाडाखाली ठेवलेल्या बाटलीतले आकडे फेकून द्या. हवामान खातं सकाळी साडेआठला नोंद घेतं. तुमची शाळा दहा-साडेदहाला भरत असेल तर शाळा भरल्याबरोबर मोजा, पण तिन्ही शाळांची वेळ एकच ठेवा. कृषी विभागाच्या 'महारेन' संकेतस्थळावर महसूल मंडळनिहाय पाऊस मिळतो, त्याच्याशी महिनाअखेर ताडून बघा. तो आकडा तंतोतंत जुळणार नाही, कारण पाऊस गावागणिक बदलतो, पण दुप्पट-तिप्पट फरक दिसला तर बाटली तपासा.

प्रश्न : जॅमबोर्ड हा गूगलचा ऑनलाइन फळा शिकलो, तो बंद झाला. मुलांच्या छोट्या व्हिडिओंचं फ्लिपही गेलं. आता कोणतं साधन शिकावं? (शिक्षक, पुणे)

उत्तर : जॅमबोर्ड २०२४ च्या अखेरीस मिटला, फ्लिप त्याच वर्षी स्वतंत्र साधन म्हणून बंद झालं, आणि ज्यावर जगभरच्या वर्गांनी गावं ओळखायचा खेळ खेळला ते स्काइप मे २०२५ मध्ये गेलं. मोफत साधनाचं आयुष्य इतकंच धरून चाला. सामायिक स्लाइड, शीट आणि फॉर्म या तिघांवर प्राथमिकचे जवळजवळ सगळे प्रकल्प होतात. पॅडलेट (नोंदी चिकटवायचा ऑनलाइन फलक) दिसायला छान आहे, मात्र मोफत खात्यात मोजकेच फलक मिळतात. ते वापरलंत तर प्रत्येक नोंद शिक्षकाने मंजूर केल्यावरच दिसेल अशी सेटिंग ठेवा. सामायिक स्लाइडमध्ये एका गटाला एकच स्लाइड द्या आणि तिच्या कोपऱ्यात गटाचं नाव आधीच लिहून ठेवा, नाहीतर दोन गट एकाच स्लाइडवर बसतात आणि भांडण दोन गावांत लागतं. दर महिन्याला पीडीएफ उतरवून शाळेच्या पेन ड्राइव्हवर ठेवा. आणि खरं सांगायचं तर एका फोनच्या वर्गात भिंतीवरचा कार्डशीट आणि त्याचा रोजचा फोटो यापुढे बहुतेक ऑनलाइन फलक फिके पडतात.

प्रश्न : तो गाव ओळखायचा खेळ नेमका कसा खेळतात? तिसरीला जमेल का? (शिक्षिका, लातूर जिल्हा)

उत्तर : तिसरीला जिल्हा ओळखायला द्या, गाव नको. दोन वर्ग एकमेकांना कुठून बोलतोय हे सांगत नाहीत. आळीपाळीने असे प्रश्न विचारतात ज्यांचं उत्तर फक्त 'हो' किंवा 'नाही' येईल. ज्यांना समोरचा जिल्हा आधी सापडतो ते जिंकतात.

गंमत प्रश्न निवडण्यात आहे. महाराष्ट्रात ३६ जिल्हे. प्रत्येक प्रश्नाने उरलेले जिल्हे निम्मे झाले तर ३६ चे १८, मग ९, ५, ३, २ आणि १, म्हणजे सहा प्रश्नांत काम फत्ते. मुलं मात्र पहिलाच प्रश्न 'तुमच्याकडे समुद्र आहे का?' असा विचारतात. समुद्रकिनारा फक्त सात जिल्ह्यांना आहे, त्यामुळे बहुतेक वेळा 'नाही' येतं आणि २९ जिल्हे तसेच उरतात. त्याऐवजी 'तुमचा जिल्हा विदर्भ किंवा मराठवाड्यात आहे का?' विचारलं तर एकीकडे ११ आणि ८ मिळून १९ आणि दुसरीकडे १७, जवळपास बरोबर निम्मे. हे गणित मुलांना आधी सांगू नका. पहिला डाव त्यांच्या मनाने खेळू द्या, दुसऱ्या डावाआधी नकाशावर मोजून दाखवा.

वर्गात कामं वाटून द्या. चार जण प्रश्न ठरवतात, दोघं फोनसमोर खडूने आखलेल्या चौकोनात उभं राहून विचारतात, दोघं उत्तर फळ्यावर लिहितात. बाकीच्यांपुढे जोडीला एक असा जिल्ह्यांचा कोरा नकाशा असतो आणि बाद झालेल्या जिल्ह्यांवर ती फुली मारतात. समोरच्यांच्या प्रश्नाला उत्तर द्यायला वेगळा गट हवा. त्या गटाला आपल्या जिल्ह्याची माहिती पक्की हवी. चुकीचं 'हो' गेलं तर समोरचा वर्ग भलत्याच विभागात जाऊन अडकतो. परिसर अभ्यासाच्या तासाला आदल्या आठवड्यात जिल्ह्याच्या सीमा, नद्या आणि शेजारी जिल्हे यांची उजळणी घ्या.

खेळ फुटतो तो तीन ठिकाणी : मुलांच्या मागच्या भिंतीवर शाळेचं नाव, गणवेशाच्या खिशावरचा बिल्ला, आणि सर्वांत जास्त वेळा शिक्षकाच्या खात्याचं नाव. मीटवर 'जि. प. शाळा अमुक' असं ठसठशीत झळकत असतं. खात्याचं नाव आदल्या दिवशी बदला.

प्रश्न : कॉलचे फोटो गटावर टाकल्यावर एका पालकाने हरकत घेतली. दुसरं म्हणजे मुलांना गूगल खाती काढून द्यावीत का? (शिक्षिका, ठाणे जिल्हा)

उत्तर : पालकाची हरकत रास्त आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण मूल आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. वर्षाच्या सुरुवातीलाच एक पानी मराठी संमतिपत्र घ्या. त्यात चार गोष्टी स्पष्ट लिहा : काय घेणार (फोटो, आवाज, चित्रं), कुठे ठेवणार, कोण बघणार, आणि कधी पुसून टाकणार. 'शैक्षणिक कामासाठी वापर' असं मोघम लिहिलेलं पत्र काही कामाचं नाही. ज्यांनी 'नाही' लिहिलं त्यांची मुलं खेळातून वगळायची नाहीत. ती नकाशावर, मोजणीवर, कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूला बसतात.

फोटो चेहऱ्यांचे हवेतच असं नाही. दांडा आणि सावली, बाटली, मुलांनी काढलेली चित्रं, नुसते हात, एवढ्यावर भागतं. आवाजाच्या नोंदीत मुलाने 'आम्ही निळा गट' म्हणावं, पूर्ण नाव सांगू नये. फोटो नीट दिसावा म्हणून व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर मूळ फाइल जाते, आणि फोनच्या कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर फोटो कुठे काढला तेही सोबत जातं. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद ठेवा. कॉलची लिंक मोठ्या शिक्षक-गटांवर टाकू नका, अनोळखी माणसं शिरतात.

खाती काढू नका. स्वतःचं गूगल खातं चालवायला वयाची अट १३ आहे, आणि जन्मसाल खोटं टाकून काढलेली खाती पुढे मुलाच्याच गळ्यात पडतात. सगळी नोंद शिक्षकाच्या खात्यातून झाली तरी प्रकल्पाचं काही बिघडत नाही.

प्रश्न : इंग्लंडमध्ये दर शनिवारी सकाळी आमचा मराठी वर्ग भरतो. महाराष्ट्रातल्या शाळेशी जोडी जमवायची आहे. वेळेचं आणि मुलांच्या मराठीचं कसं जमवावं? (मराठी वर्गाच्या स्वयंसेविका)

उत्तर : थेट कॉलचा नाद सोडा. तुमचे सकाळचे दहा म्हणजे उन्हाळ्यात भारतात अडीच आणि हिवाळ्यात साडेतीन. शनिवारी इथल्या बहुतेक शाळा सकाळच्या असतात, तोवर मुलं घरी गेलेली असतात. शिवाय तुमची घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. ठरलेली वेळ त्या आठवड्यांत हटकून चुकते.

आठवड्याचं एक पाकीट ठेवा : इकडून शुक्रवारी व्हॉइस मेसेज आणि हाताने लिहिलेल्या पत्राचा फोटो, तुमच्याकडून रविवारी उत्तर. पत्र दुरेघी वहीत, मोठ्या अक्षरात, पाच ओळींपेक्षा जास्त नको. इकडच्या मुलांना सांगा, व्हॉइस मेसेजमध्ये एका दमात दोन वाक्यंच बोला. तुमची मुलं तो मेसेज थांबवून पुन्हा ऐकू शकतात, कॉलमध्ये ते शक्य नसतं.

वर सांगितलेला सावलीचा प्रयोग तुमच्याबरोबर झकास होतो, पण डिसेंबरात नको. तेव्हा लंडनला सूर्य मध्यान्हीही जेमतेम १५ अंश वर असतो, एक मीटरच्या काठीची सावली पावणेचार मीटरच्या घरात जाते आणि शेजारच्या घराच्या सावलीत हरवते. २० मार्चच्या सुमारास करा. लंडनला सुमारे १२६ सेंमी आणि कोल्हापूरला ३० सेंमी येते, चौपटीहून जास्त फरक. मात्र मार्चमध्ये सूर्य रोज ०.४ अंश सरकतो, म्हणून दोन्हीकडे मोजणी त्याच तारखेला हवी. तो दिवस शनिवार नसेल तर मुलांनी घरी पालकांबरोबर मोजावं. लंडनची मध्यान्ह त्या दिवशी साधारण १२ वाजून ७ मिनिटांनी, कोल्हापूरची १२ वाजून ४० मिनिटांनी, अर्थात आपापल्या घड्याळात.

प्रश्न : जोडीदार शाळेच्या सरांचं उत्तर येणंच बंद झालं. मुलं रोज विचारतात. (शिक्षिका, उत्तर गोवा)

उत्तर : पुष्कळ जोड्या अशाच तुटतात, आणि त्यात बहुधा कुणाचा दोष नसतो. सरांना निवडणुकीचं किंवा सर्वेक्षणाचं काम लागलेलं असतं, चाचण्या आलेल्या असतात, बदली झालेली असते. पाचवा मेसेज टाकण्यापेक्षा शाळेच्या वेळेबाहेर फोन करा आणि 'फक्त एक फोटो आणि एक आकडा पाठवाल का' इतकंच मागा. तेवढं बहुतेक जण देतात आणि मुलांपुरता प्रकल्प पुरा होतो.

पुढच्या वेळी सुरुवातीलाच दोन्ही शाळांतून दोन-दोन शिक्षक घ्या. एका पानावर प्रश्न, तीन तारखा, प्रत्येक तारखेला एक पर्यायी दिवस आणि कॉल कोण सुरू करणार हे लिहा, आणि सगळं चार आठवड्यांत संपवा. तारखा ठरवताना दोन्ही शाळांच्या सुट्ट्या शेजारी शेजारी ठेवून बघा. गोव्यात आणि कोकणात गणपतीची सुट्टी मोठी, घाटावर ती एक-दोन दिवसांची. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनमध्ये बाकी महाराष्ट्रापेक्षा आठवडा-दोन आठवडे उशिरा उघडतात, म्हणून तिकडची जोडी असेल तर पहिली तारीख जुलैच्या दुसऱ्या आठवड्याआधी धरू नका.